पैसे आले, पण कुणाचे?

वाचकाचं पत्र

नमस्कार. कोल्हापुरात जवाहरनगरात आमचा घरचा चपलांचा धंदा आहे. सासरे आणि नवरा चपला करतात, ऑर्डरी मी बघते. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी असे नमुने आहेत, किंमत १,२०० ते ३,५०० रुपये. महिन्याला पन्नासेक जोड व्हॉट्सॲपवरून जातात, बहुतेक पुण्या-मुंबईला. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, स्क्रीनशॉट पाठवतं, मी वहीत लिहिते. दिवाळीत एक स्क्रीनशॉट खोटा निघाला आणि जोड गेला तो गेलाच. आता वेबसाईट करतोय. करून देणाऱ्या मुलानं पेमेंटच्या चौदा सोयींची यादी दिली आहे: यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग, वॉलेट, हप्ते, ‘नंतर पैसे द्या’, कार्ड सेव्ह करणं, दरमहा आपोआप पैसे कापणं, परदेशी कार्ड, कॅश ऑन डिलिव्हरी, पेमेंट लिंक, त्याच दिवशी पैसे खात्यात, वेबसाईटवरूनच रिफंड आणि स्क्रीनशॉट अपलोड करायची जागा. प्रत्येकाचे वेगळे पैसे सांगतो. यातलं काय घ्यावं?
एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर

ताई, यादीतली शेवटची सोय आधी खोडा. स्क्रीनशॉट अपलोड करायला जागा ठेवली की तुमची आजची अडचण वेबसाईटवर जशीच्या तशी जाते. खोटा स्क्रीनशॉट तयार करणारी ॲप सहज मिळतात. खरा स्क्रीनशॉटसुद्धा दुसऱ्याच दिवसाचा, दुसऱ्याच व्यवहाराचा असू शकतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी यूटीआर क्रमांक असतो. तो तुमच्या बँकेच्या नोंदीत दिसला तरच पैसे आले असं धरायचं. आज हे ताडून बघायचं काम तुम्ही करता, महिन्याला पन्नास वेळा, चपलांचे फोटो पाठवता पाठवता. वेबसाईटनं हे काम तुमच्या हातून काढून घ्यायला हवं. किती पैसे आले आणि ते कोणत्या ऑर्डरीचे, हे तुम्ही फोन हातात न घेताही पक्कं ठरलेलं असावं. बाकीच्या तेरा सोयींकडे याच नजरेनं बघू.

त्यासाठी पेमेंट गेटवे लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन, ते ऑर्डरीशी जोडून तुमच्या खात्यात पोचवणारी सेवा. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू, फोनपे, पेटीएम अशा अनेक कंपन्या हे काम करतात. भाषा रिझर्व्ह बँकेची वापरायची तर त्या पेमेंट ॲग्रिगेटर. यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये नियम आणले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते नव्यानं एकत्र मांडले. परवाना मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. वेबसाईट करणारा मुलगा जे नाव सुचवील ते त्या यादीत आहे का, एवढं स्वतः बघा. परवानाधारक कंपनीला गिऱ्हाइकाचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, स्वतःच्या खर्चाच्या पैशात मिसळता येत नाहीत.

आता त्या मुलाच्या दरपत्रकाबद्दल. यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग, वॉलेट यांचे वेगवेगळे पैसे मागणं बरोबर नाही. गेटवेचं तयार चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान, एकदा जोडलं की हे सगळे मार्ग त्याच खिडकीत येतात. चालू-बंद करायचं बटण गेटवेच्या डॅशबोर्डवर, म्हणजे तुमच्या तिथल्या खात्याच्या पानावर, असतं. वू-कॉमर्ससारख्या तयार दुकानावर वेबसाईट असेल तर गेटवेचं प्लगइन, म्हणजे जोडणीचा तयार तुकडा, फुकट मिळतं. त्याला पैसे द्या ते जोडणी नीट करण्याचे आणि तपासून देण्याचे. त्यात खरी मेहनत आहे, ती कुठे ते पुढे सांगतो.

यूपीआय, डेबिट-क्रेडिट कार्ड आणि नेट बँकिंग चालू ठेवा. तुमच्या किमतीच्या मालात बहुतेक पैसे यूपीआयनंच येतील, पण कार्डवर खरेदी करणाऱ्याला परत पाठवायचं कारण नाही. वॉलेट आपोआप येत असेल तर राहू द्या. हप्ते आणि ‘नंतर पैसे द्या’ बंद ठेवा. १,८०० रुपयांच्या पायताणाला हप्ता कुणी मागत नाही, आणि या मार्गांवर गेटवेचा दर साध्या मार्गांपेक्षा जास्त असतो. दरमहा आपोआप पैसे कापण्याची सोय दूधवाल्याला, क्लासवाल्याला उपयोगाची. कार्ड सेव्ह करण्याचं तर नावच काढू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला किंवा गेटवेला गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी कार्ड कंपनीकडून टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी वापरायचा दुसरा क्रमांक, घ्यावं लागतं, आणि वर्षातून एकदा चप्पल घेणाऱ्यासाठी तो खटाटोप कशाला? फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कुणी कार्ड नंबर सांगू लागलं तर लिहून घेऊ नका, त्यांना पेमेंट लिंक पाठवा.

खर्चाचा हिशेब असा. गेटवेचा नेहमीचा दर साधारण दोन टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. १,८५० रुपयांच्या जोडावर ३७ रुपये फी, त्यावर ६ रुपये ६६ पैसे कर. म्हणजे ४३ रुपये ६६ पैसे कापून १,८०६ रुपये ३४ पैसे तुमच्या खात्यात येतात. पन्नास जोडांना महिन्याला २,१८३ रुपये. इथे बरेच जण विचारतात, यूपीआय तर फुकट ना? १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर बँकेचा व्यापारी शुल्क, म्हणजे एमडीआर, शून्य आहे हे खरं. गेटवे घेतो ती त्याच्या सेवेची फी. काही कंपन्या यूपीआयला कमी दर देतात, काही सरसकट दोन टक्के लावतात. म्हणून दर विचारताना “किती टक्के?” एवढंच विचारू नका. यूपीआय, रूपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट, नेट बँकिंग या प्रत्येकाचा दर, सुरुवातीची फी, वर्षाची फी आणि रिफंडची फी ईमेलवर लिहून मागवा. तयार दुकानाचे काही प्लॅटफॉर्म गेटवेच्या वर स्वतःचेही टक्के लावतात, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

कोल्हापुरातलं गिऱ्हाईक घरी येऊन जोड नेत असेल तर त्याला तुमचा क्यूआरच दाखवा. समोरासमोर पैसे खात्यात आलेले दिसतात, फी लागत नाही. गेटवे लांबच्या ऑर्डरींसाठी. दोन्ही चालू ठेवण्यात काही गैर नाही, फक्त दुकानातला तो क्यूआर वेबसाईटवर चिकटवू नका. त्यावर ऑर्डरीचा क्रमांक नसतो. एकाच दुपारी दोघांनी १,८५० पाठवले तर कुणाचे कुठले, हे शोधत बसावं लागतं.

गेटवेचं खातं तुमच्याच घरच्या माणसाच्या नावावर आणि पॅनवर उघडा. मुलगा म्हणेल, “माझ्या खात्यातून लगेच चालू करतो, मग बदलू.” नको म्हणा. पैसे त्याच्या बँक खात्यात जातील, कराचा हिशेब त्याच्या पॅनवर चढेल आणि वाद झाला तर तुमच्याकडे कागद नसेल. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर पॅन, आधार, कॅन्सल केलेला चेक आणि धंद्याचा एखादा पुरावा लागतो: उद्यम नोंदणी, गुमास्ता किंवा जीएसटी प्रमाणपत्र. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाईटच्या नादी लागू नका. अर्ज अडकतात ते बहुतेक नावावरून. पॅनवर एक नाव, पासबुकावर आडनाव आधी आणि दुकानाचं नाव तिसरंच. नवऱ्याच्या नावावर धंदा आणि खातं तुमच्या नावावर, असंही चालत नाही. खातं सहकारी बँकेत असेल तर त्या शाखेचा आयएफएससी कोड चालू आहे आणि खात्यात एनईएफटीनं पैसे येतात, एवढी खात्री करा. आपल्याकडे अनेकांचं खातं पतसंस्थेत असतं, ते खातं गेटवेला बहुधा चालणार नाही. बँकेत चालू खातं काढा.

अर्ज मंजूर करण्याआधी गेटवेवाले वेबसाईट उघडून बघतात. संपर्काचा पूर्ण पत्ता आणि फोन, अटी, खासगी माहितीचं धोरण, माल कधी पोचेल आणि रिफंड-रद्द करण्याचे नियम ही पानं नसतील तर अर्ज परत येतो. दुसऱ्याच्या वेबसाईटवरून ती उचलू नका. त्यात “सात दिवसांत बिनशर्त परतावा” लिहिलेलं राहून गेलं तर गिऱ्हाईक तेच दाखवील आणि ते बरोबरच असेल. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण करणाऱ्या माणसाचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. घरातल्या कुणाचं तरी नाव तिथे घाला आणि तो फोन खरंच उचला.

आता त्या मुलाच्या मेहनतीचा भाग. इथे तुमचे पैसे वाचतात किंवा बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गिऱ्हाईक पैसे भरतं तेव्हा वेबसाईटला त्याची खबर दोन वाटांनी येते. एक, पैसे भरून झाल्यावर त्याचा ब्राउझर तुमच्या “धन्यवाद” पानावर परततो. दुसरी, गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट निरोप धाडतो, त्याला वेबहुक म्हणतात. पहिली वाट कच्ची आहे. यूपीआय ॲपमध्ये पिन टाकून पैसे गेले की गिऱ्हाईक समाधानानं फोन खिशात टाकतं, धन्यवाद पानावर येतच नाही. पैसे तुमच्याकडे आलेले असतात आणि वेबसाईटवर ऑर्डर “पैसे बाकी” दिसते. दुसऱ्या दिवशी त्याचा चिडून फोन येतो. उलटही होतं. धन्यवाद पानाचा पत्ता माहीत असलेला माणूस पैसे न भरता ते पान उघडतो, आणि जोडणी कच्ची असेल तर ऑर्डर “पैसे मिळाले” म्हणून पुढे सरकते. तुमच्या खोट्या स्क्रीनशॉटचाच हा वेबसाईटवरचा भाऊ.

म्हणून मुलाला हे स्पष्ट सांगा. ऑर्डरीची स्थिती वेबहुकवरूनच बदलायची. वेबहुक आला की त्यावरची डिजिटल सही गुप्त किल्लीनं, म्हणजे पासवर्डसारख्या सांकेतिक अक्षरांनी, पडताळायची, म्हणजे तो गेटवेनंच पाठवलाय हे कळतं. मग रक्कम ऑर्डरीच्या रकमेशी जुळते का ते बघायचं. तोच निरोप गेटवेकडून दोनदा येऊ शकतो, तेव्हा दुसऱ्यांदा आल्यावर पुन्हा बिल किंवा पुन्हा मेसेज जाता कामा नये. ती गुप्त किल्ली सर्व्हरवरच राहायला हवी, पानाच्या कोडमध्ये दिसता कामा नये.

एक बारीक गोष्ट, पण पैशाची. काही गेटवेंना रक्कम पैशांत पाठवावी लागते. १,८५० रुपयांसाठी १८५००० असा आकडा द्यायचा. घाईत १८५० पाठवला तर गिऱ्हाइकाकडून साडेअठरा रुपये कापले जातात आणि पावती छान येते. आणखी एक सेटिंग ‘कॅप्चर’चं. कार्डावर रक्कम आधी फक्त मंजूर होते, मग ती कॅप्चर करावी, म्हणजे प्रत्यक्ष घ्यावी लागते. आपोआप कॅप्चर चालू नसेल तर काही दिवसांनी ते पैसे गिऱ्हाइकाकडे परत जातात. तोवर जोड पार्सलमध्ये बसून पुण्याला पोचलेला असतो.

यूपीआयसाठी मोबाईलवर थेट ॲप उघडणारी पद्धत आणि कॉम्प्युटरवर क्यूआर, अशी मांडणी हवी. गिऱ्हाइकाला यूपीआय आयडी टाइप करायला लावून मागणी पाठवण्याची जुनी पद्धत नको. व्यक्ती-व्यक्तींमधली तशी मागणी फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली आहे. तुमची गिऱ्हाइकं इन्स्टाग्रामवरून येणार असतील तर एक खोड आधीच माहीत असू द्या. इन्स्टाग्राममधली लिंक त्याच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथून यूपीआय ॲप बऱ्याचदा उघडतच नाही. गिऱ्हाईक बटण दाबत राहतं, काही होत नाही, निघून जातं. तुम्हाला कळतही नाही. त्या ब्राउझरमध्येही क्यूआर दिसेल आणि “क्रोममध्ये उघडा” अशी सूचना येईल, अशी सोय करून घ्या.

पैसे अधांतरी असतात तेव्हा काय दिसतं, हेही ठरवा. बँकेचा सर्व्हर दमला की व्यवहार काही मिनिटं “पेंडिंग” राहतो. त्या वेळी वेबसाईटनं “पेमेंट फेल” दाखवलं तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे भरतं. त्याऐवजी मराठीत स्वच्छ लिहा: “तुमच्या खात्यातून पैसे कापले असतील तर पुन्हा भरू नका. बँकेकडून खात्री आली की मेसेज येईल. पैसे आमच्यापर्यंत पोचले नाहीत तर बँक ते आपोआप परत करते.” हे शेवटचं नुसतं आश्वासन नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदारापर्यंत खात्री न पोचलेला यूपीआय व्यवहार जास्तीत जास्त पाच दिवसांत उलटवावा लागतो, उशीर झाला तर गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगता आलं की फोनवरची अर्धी भांडणं टळतात. एकच जोड शिल्लक असेल तर पैसे भरायला सुरुवात केल्यावर तो पंधरा मिनिटं राखून ठेवायचा आणि मुदत उलटल्यावर उशिरानं पैसे आले तर ती ऑर्डर तुमच्या नजरेसमोर आणायची. तिचा निर्णय माणसानं घ्यावा.

पेमेंट लिंक घ्याच. तुमच्या धंद्याला ती मुख्य वेबसाईटइतकीच उपयोगाची आहे. मापाची चप्पल करून देता तेव्हा रंग, गोंडा, वेणी, टाचेची उंची यावर व्हॉट्सॲपवर बोलणं होणारच, आणि किंमत बोलण्यातून ठरते. ठरली की डॅशबोर्डवर रक्कम, गिऱ्हाइकाचं नाव, “कापशी, ८ नंबर, तपकिरी” असं वर्णन आणि तीन दिवसांची मुदत घालून लिंक पाठवा. पैसे आले की ती नोंद त्या नावापुढेच पडते. वेबसाईट तयार व्हायला दोन महिने लागले तरी खातं मंजूर झालं की लिंक त्याच दिवसापासून चालू करता येते, फक्त मंजुरीसाठी वर सांगितलेली पानं असलेली साधी वेबसाईट लागेल. क्यूआर-स्क्रीनशॉटची वही तिथेच बंद होते.

मापाच्या चपलेला अर्धे पैसे आधी आणि उरलेले पाठवण्याआधी, दोन वेगळ्या लिंकांनी घ्या. दुसऱ्या लिंकबरोबर तयार जोडाचा फोटो पाठवला तर पैसे लवकर येतात. जीएसटी नोंदणी असेल तर मालाच्या आगाऊ रकमेवर तेव्हाच कर भरावा लागत नाही, तो बिल करताना लागतो.

कॅश ऑन डिलिव्हरी मापाच्या जोडाला अजिबात नको. एका पायाच्या मापानं केलेला जोड परत आला तर तो दुसऱ्याला घालता येत नाही. तयार मापांवर द्यायचीच असेल तर २०० रुपये ऑनलाइन आधी घ्या, बाकी दारात. ज्याला खरंच चप्पल हवी तो २०० भरतो. कुरिअरकडून रोखीचे पैसे आठवड्यानं येतात, त्याची फी वेगळी, आणि घेतलं नाही तर जाण्या-येण्याचा दोन्ही वेळचा खर्च तुमचा. सुरुवातीचे तीन महिने ही सोय बंद ठेवली तर उत्तम.

रिफंड वेबसाईटवरून किंवा गेटवेच्या डॅशबोर्डवरून देता आला पाहिजे, वेगळ्या बटणासाठी मुलाला जास्त पैसे देऊ नका. डॅशबोर्ड पुरेसा आहे. दोन गोष्टी मात्र पाळा. रिफंड द्यायचा तो ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं. गिऱ्हाईक म्हणतं, “कार्डावर नको, माझ्या या यूपीआयवर पाठवा.” तसं पाठवलं आणि नंतर त्यानं बँकेत कार्डाच्या व्यवहाराची तक्रार केली तर तेच पैसे तुमच्याकडून दुसऱ्यांदा जातात. दुसरं, रिफंड केला तरी गेटवेची फी सहसा परत मिळत नाही, आधीच्या जोडाचे ते ४३ रुपये ६६ पैसे गेले. चपलेत बहुतेक रिफंड मापावरून येतात. म्हणून पैसे परत करून नवी ऑर्डर घेण्यापेक्षा माप बदलून द्या, फरकाचे पैसे असतील तर लिंकनं घ्या. आणि पेमेंटच्या पानाआधी मापाचं एक पान ठेवा: कागदावर पाय ठेवून रेघ मारायची, टाच ते अंगठा आणि पंज्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायची, दोन्ही पायांची, संध्याकाळी. यादीतल्या चौदा सोयींपैकी कुठल्याही सोयीपेक्षा हे पान तुमचे जास्त पैसे वाचवील. नियम थोडक्यात लिहा: तयार मापाचा जोड न वापरता सात दिवसांत एकदा बदलून, मापाचा जोड फक्त दोष असेल तर. कुरिअरचा खर्च कुणाचा हेही त्याच ओळीत लिहा.

पार्सल दिलं की कुरिअरचा क्रमांक, वजनाची पावती आणि बंद करण्याआधीचा फोटो ऑर्डरीसोबत ठेवा. “माल मिळालाच नाही” अशी तक्रार बँकेकडून आली तर गेटवे तुमच्याकडे पुरावा मागतो आणि उत्तराला मोजकेच दिवस देतो. तो ईमेल जिथे येतो तो पत्ता रोज बघितला जाणारा असावा.

करापुरतं थोडं. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के आणि त्यावरच्या जोडाला १८ टक्के जीएसटी आहे. ही मर्यादा जोडाला आहे, बिलाला नाही. वेबसाईटवर कर बिलाच्या बेरजेवर लावला तर १,८५० चे दोन जोड घेणाऱ्याला ३,७०० वर १८ टक्के लागतील, आणि तो चुकीचा कर असेल. किंमत करासकट दाखवा. राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्याला उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, हस्तकलेच्या काही वस्तूंना त्यात सवलत आहे. कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. बेळगावच्या एका गिऱ्हाइकासाठीही हे लागू आहे, म्हणून वेबसाईट चालू करण्याआधी तुमच्या कर सल्लागाराकडे एक चक्कर मारा.

त्याच दिवशी पैसे खात्यात देणारी सोय नको. नेहमीच्या पद्धतीत साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत पैसे येतात, लवकर हवे तर जादा फी लागते. फक्त एवढं ध्यानात ठेवा, शुक्रवारी संध्याकाळची विक्री दुसरा किंवा चौथा शनिवार आडवा आला की मंगळवारपर्यंत जाऊ शकते. नवरात्र-दिवाळीत चामडं रोखीनं आणायचं असेल तर आठवडाभराची रक्कम बाजूला असू द्या. खात्यात पैसे येताना दिवसभराच्या ऑर्डरींची फी वजा करून एकच मोठी रक्कम येते. वहीत विक्री म्हणून ती लिहू नका. विक्री १,८५०, फी ३७, फीवरचा जीएसटी ६.६६ असं तोडून लिहा. डॅशबोर्डवरून सेटलमेंटचा, म्हणजे खात्यात जमा झालेल्या रकमांचा, अहवाल आणि गेटवेचं मासिक बिल दर महिन्याला उतरवून घ्या. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर त्या ६.६६ चं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या भरायच्या करातून वजा होते.

वेबसाईट हातात घेताना मुलासमोर बसून तपासा, आणि टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खरे पैसे न जाता, तपासून थांबू नका. खऱ्या किल्ल्या लावून एक रुपयाची खोटी वस्तू घाला. गुगल पे, फोनपे आणि एखाद्या बँकेच्या ॲपवरून एकेकदा पैसे भरा. एकदा पिन चुकवा. एकदा पैसे भरून लगेच ब्राउझर बंद करा आणि दोन-चार मिनिटांत ऑर्डर आपोआप “पैसे मिळाले” होते का बघा. एकदा इन्स्टाग्रामच्या लिंकवरून या. एकदा कार्डानं भरून रिफंड द्या. बंद ब्राउझरची चाचणी नापास झाली तर शेवटचा हप्ता देऊ नका, कारण वेबहुक जोडलेला नाही. गेटवे, डोमेन आणि होस्टिंग या तिन्हींवर तुमचा ईमेल, तुमचा मोबाईल असावा. मुलाला डॅशबोर्डवर स्वतःचं वेगळं लॉगिन द्या, रिफंडचा अधिकार न देता. त्याचं काम संपलं की ते लॉगिन बंद करा आणि गुप्त किल्ल्या नव्या तयार करून घ्या. “तुमचं गेटवे खातं बंद होतंय, ओटीपी सांगा” असा फोन येईल तेव्हा तो ठेवून द्या. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

राहिलं परदेशी कार्ड. अमेरिकेतून वर्षाला दोन-चार जोडांची मागणी येत असेल तर आत्ता हे उघडू नका. त्याला गेटवेची वेगळी मंजुरी लागते, दर साधारण तीन टक्के किंवा जास्त, आणि माल बाहेर पाठवायला आयात-निर्यात कोड लागतो. परदेशातली तक्रार लढवणंही अवघड. मागणी करणारे किंवा त्यांचे नातेवाईक इथे आले की जोड नेतील का विचारा, नाहीतर भारतातल्या त्यांच्या माणसाच्या नावे लिंक पाठवा आणि जोड त्याच्याच पत्त्यावर द्या. महिन्याला दहा-बारा मागण्या नेमानं येऊ लागल्या की आयात-निर्यात कोड काढा आणि मग परदेशी कार्ड चालू करा.